पोच म्हणून पान

दवनीवाड्याला परवा गेले ती एक सही करायला. काम तेवढंच होतं. गावात ज्या खोलीत एके काळी एकुलता एक फोन होता, तिथे आता राखाडी रंगाची लोखंडी पेटी उभी आहे आणि तिच्यात हिरवे दिवे लुकलुकत असतात. शाळेचं, ग्रामपंचायतीचं आणि नाल्यापलीकडच्या टोल्याचं, म्हणजे लहान वस्तीचं, नेट या पेटीतून जातं. खोली आमचीच. आई गेल्यावर आम्ही ती ग्रामपंचायतीला वापरायला दिली. मी कुडव्याला राहते, गोंदियात नोकरी करते, आणि माझी नोकरी म्हणजे गावागावांतलं नेट बंद पडू न देणं. बंद पडलं की सगळ्यांना माझी आठवण येते. चालू असलं तर मी आहे की नाही याची कोणाला पर्वा नसते.

टोल्याची केबल सारखी तुटायची. कधी जेसीबीचं बोट लागायचं, कधी नळाच्या खोदकामात जायची, एकदा तर उंदरांनी कुरतडली होती. म्हणून दुसरी केबल मंजूर झाली. एक तुटली तर डेटा दुसरीकडून फिरून जाईल, टोल्याला कळणारसुद्धा नाही. ठेकेदाराचा सुपरवायझर मुर्री गावचा, तरुण आणि चटपटीत. त्याने पेटीवर नकाशा पसरला आणि म्हणाला, "मॅडम, दोनों केबल नहर के बाजू से ही डाल देते हैं. एकच नाली खोदावी लागेल, आठ दिवसांत काम फत्ते. नक्शे में तो दो ही दिखेंगी."

मी पेन काढलं होतं. खोटं कशाला सांगू, सही करणारच होते. वर्षअखेर होती, वरून रोज विचारणा होत होती, आणि नकाशावर खरंच दोन रेघा होत्या, एक लाल आणि एक निळी. सहीसाठी कागद भिंतीला टेकवायला गेले तर हाताला काहीतरी टोचलं. पाहिलं तर दारामागे आईची तार होती. इतके रंग भिंतीवर चढले, पण ती तार कोणी काढली नव्हती. खिळ्याला अडकवलेली, टोक वर वळवलेली, वीतभर लांब, गंजून लाल झालेली.

या तारेत पानं ओवलेली असायची.

गावात फोन आला तेव्हा तो आईला मिळाला, कारण तिचा एक पाय लहानपणीच अधू झाला होता आणि तिला शेतात काम जमत नव्हतं. छपरावर उंच खांब लागला, त्यावर सांगाड्यासारखा अँटेना. खोलीत एक बॅटरी, एक टेबल आणि निळा फोन. फोनला वास यायचा. बोलायच्या बाजूला तर खर्ऱ्याचा वास इतका मुरला होता की आई रोज सकाळी लिंबाच्या सालीने तो पुसायची आणि दुपारपर्यंत पुन्हा सुपारी-तंबाखूचा वास परत यायचा. पावसाळ्यात आवाजात खरखर शिरायची, कढईत मोहरी तडतडल्यासारखी. उन्हाळ्यात पलीकडचा माणूस अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा ऐकू यायचा. आई फोन उचलला की सगळ्यांना सारखंच म्हणायची, "जय भीम, दवनीवाडा." पलीकडून कोणी जय भीम म्हणायचं, कोणी राम राम, कोणी नुसतंच "हॅलो, बाई, लवकर ऐक."

फोन गावात यायचा, पण निरोप घरी जायला हवा. पलीकडचा माणूस सांगायचा, आई ऐकायची, मोठ्याने परत म्हणून दाखवायची, आणि मग तो निरोप कोणाच्या तरी पायांनी त्या घरी जायचा. आईला फार चालवत नव्हतं, म्हणून तिने इतरांचे पाय वापरले. पोह्यांची गिरणीवाली, बोडीवर मासे धरायला जाणारा सुकरूकाका, सायकल दुरुस्त करणारा बिसन, बाजाराला निघालेलं कोणीही. जाणाऱ्याला ती एकच अट घालायची. ज्या घरी निरोप द्यायचा, त्या घरच्या अंगणातलं पान आणून दाखवायचं.

पान म्हणजे पोच. तिला गावातल्या प्रत्येक अंगणातलं झाड ठाऊक होतं. सरपंचाकडे रामफळ, गिरणीवालीकडे शेवगा, कोणाकडे पेरू, कोणाकडे बोर, ज्यांच्या दारात काहीच नाही त्यांच्याकडची तुळस. पान आलं की ती ते हातात चुरगाळून नाकाशी न्यायची आणि मग तारेत ओवायची. दिवसभरात तार भरायची. खोलीत हिरवा, तुरट वास यायचा, त्यात शेवग्याचा उग्र आणि पेरूचा गोड. शनिवारी ती सगळी पानं शेळीपुढे टाकायची आणि तार पुन्हा रिकामी. एकदा एकाने उन्हाचा कंटाळा करून वाटेतल्याच पेरूचं पान आणलं. आईने पान उलटं केलं आणि म्हणाली, "या पेरूले कीड लागली हाये. त्याहीच्या पेरूले नाई. जाय परत." तो गेला. जाताना पुटपुटत होता, पण गेला.

पुढे नागपुरात शिकायला गेले तेव्हा वर्गात सरांनी शिकवलं की डेटा तुकड्यातुकड्यांनी जातो, पोचलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच परत येते, आणि पोच आली नाही तर तो तुकडा पुन्हा पाठवतात. मला हसू फुटलं. सरांनी उभं केलं, कारण विचारलं. सांगायचं काय? आईची पानं आणि शेळी सांगू?

महत्त्वाच्या निरोपाला आई दोन माणसं पाठवायची. मरण, आजारपण, नोकरी, गाडीची वेळ. टोल्याला जायला दोन रस्ते होते. एक नहराच्या, म्हणजे कालव्याच्या काठाने, रुंद, सायकल चालणारा, मधल्या गावातून जाणारा. दुसरा बोडीच्या पारीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, अरुंद, दोन्हीकडे बेशरमीची झुडपं आणि पाण्याचा ओला वास. नहराचा रस्ता जवळचा. तरी आई एकाला इकडून आणि दुसऱ्याला तिकडून धाडायची. सुरुवातीला यातून गंमतही झाली. एका घरी "मामा चार माणसं घेऊन येते" हा निरोप दोघांनी वेगवेगळा दिला आणि त्या बाईने आठ पाहुण्यांचा भात रांधला. चार आले. उरलेला भात आमच्याही घरी आला आणि त्यासोबत चार शब्दही. त्यानंतर आईने दुसऱ्या माणसाला आधी "हा तोच निरोप हाये, नवा नाई" असं म्हणायला लावलं. पण दोन माणसं आणि दोन रस्ते तिने सोडले नाहीत. मी विचारलं होतं, "काऊन वं माय, दोघं मिळूनच जावू दे न. बोलत बोलत जातीन."

"बोलत बोलत जातीन अन बोलत बोलत बसतीन," आई म्हणाली. "एका रस्त्यानं गेलेले दोन म्हणजे एकच."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ऐकलं आणि सोडून दिलं.

यमू माझी मैत्रीण. टोल्याची. बारावीपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसलो. तिला नर्स व्हायचं होतं. "व्हायचं होतं" म्हणजे हौस नाही, ती घरात कोणाला ताप आला की मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसायची. तिने भंडाऱ्याला नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता आणि रोज कोणाबरोबर तरी विचारून पाठवायची, माह्या नावानं फोन आला का?

दिवाळीनंतरचे दिवस होते. धानाची कापणी चालू होती, हवेत ओल्या पेंढ्याचा वास होता, आणि गावोगावी मंडई भरत होती, म्हणजे जत्राच, दंडार, नाटक, जिलेबी सगळं असलेली. आई फोनची बॅटरी बदलून आणायला गोंदियाला गेली होती आणि फोनवर मी बसले होते. दुपारी यमूच्या काकांचा भंडाऱ्याहून फोन आला. उद्या सकाळी दहाला मुलाखत, मूळ कागद घेऊन ये, चुकली तर नाव जाईल. मी निरोप परत म्हणून दाखवला, अगदी आईसारखा. मग सुकरूकाका आणि बिसन दोघांना बोलावलं. सुकरूकाकाने पारीने जायचं होतं, बिसनने नहराने. सुकरूकाका म्हणाला, "पारीवर काटे हायेत बाप्पा, पाय दुखून राहिला. बिसनच्या सायकलवर बसतो न मी, दोघं लवकर पोचू."

मला ते पटलं. दोन माणसं म्हटली होती आईने, दोन माणसं जात होती. बिसनने सायकल काढली, सुकरूकाका मागे बसला, आणि महत्त्वाच्या निरोपाचे दोन्ही निरोप्ये एकाच सायकलवर डबलसीट निघाले. मधल्या गावात मंडई होती हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि डोक्यात येणं यात फरक असतो.

संध्याकाळी आई आली. पिशवी ठेवण्याआधी तिने तारेकडे पाहिलं. यमूच्या अंगणात सीताफळ होतं. तारेत सीताफळाचं पान नव्हतं.

"यमूची पोच?"

"दोघं गेले न," मी म्हणाले.

"पान नाई आलं. तिसरा माणूस पाठवतो मी. गिरणीवालीचा दीर टोल्याले जावून राहिला आत्ताच, थांबव त्याले."

आणि मी म्हणाले, "नको वं माय. सुकरूकाका पारीनं गेला. टोल्यातच मुक्काम हाये त्याचा, सकाळी पान आणतो म्हणला."

एवढंच. डबलसीट सायकलीवरून बोलणी खावी लागतील म्हणून मी हे वाक्य बोलले. इतकं लहान कारण होतं, आणि म्हणूनच अजून त्याची लाज वाटते. आईने माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं. गिरणीवालीचा दीर नहराच्या वळणावरून निघून गेला. आई बॅटरी जोडायला बसली.

सकाळी आठ वाजता बिसनची सायकल दारात आली. मागून सुकरूकाका उतरला. दोघांच्या कपड्यांना मंडईची धूळ, तोंडाला खर्रा, डोळे नाटक पाहून लाल. हातात सीताफळाचं पान होतं, दवसुद्धा न वाळलेलं. टोल्याला ते दोघं नाटक संपल्यावर, पहाटे गेले होते. यमू मिळेल त्या गाडीने गेली. दुपारी एक वाजता भंडाऱ्याला पोचली तेव्हा मुलाखती संपल्या होत्या.

आईने एकाच सायकलवरून उतरणारे दोघं पाहिले आणि तिला सगळं कळलं. ती मला काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं. दोन दिवसांनी यमूचे वडील आले, खोलीच्या उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "फोनवाली बाई, असं कसं झालं वं?" आई काठी टेकत उठली, त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "चूक माह्या फोनची हाये, भाऊ. माह्याकडून चुकलं." मी दारामागे उभी होते. या तारेपाशीच. त्या शनिवारी आईने शेळीला पानं टाकली, पण सीताफळाचं पान तारेतच राहू दिलं. ते वाळलं, वळलं, काळं पडलं आणि पावसाळ्यापर्यंत तसंच लटकत होतं. दार उघडलं की आधी तेच दिसायचं.

मग मोबाईल आले. निळा फोन आधी मुका झाला, मग कोणीतरी येऊन घेऊन गेलं. शेळी गेली. गिरणीत आता पोहे कांडत नाहीत. आई शेवटच्या वर्षी कुडव्याला माझ्याकडे होती आणि माझ्या फोनची घंटी वाजली की झोपेतही "जय भीम, दवनीवाडा" म्हणायची. लिंबाच्या सालीचा वास आला की मला ती खोली आठवते. सीताफळ मात्र मी खात नाही. घरच्यांना वाटतं मला त्याचा गोडवा चालत नाही.

सुपरवायझर वाट पाहत होता. "मॅडम, साइन?"

मी पेन बंद केलं. "नहराच्या पुलावर जेसीबी लागला तर काय होईल?"

"केबल कटेगी."

"कोणती?"

त्याने नकाशावरच्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "दोन्ही."

"म्हणजे केबल एकच आहे. दुसरी बोडीच्या पारीवरून न्या."

"मॅडम, पारीवरून लांब पडते. खोदायला बी त्रास. काऊन एवढं?"

मी त्याला तार दाखवली. त्याला गंजलेला खिळा दिसला असेल. तो डोकं खाजवत बाहेर गेला आणि फोनवर कोणाला तरी म्हणाला, "मॅडम नहीं मान रही."

पारीचा रस्ता कसा आहे ते पाहायला म्हणून मी चालत निघाले. हे अर्धं खरं होतं. बेशरम तशीच होती, पाण्याचा वास तसाच. बगळे होते. पारीच्या मधोमध उंचवट्यावर एक बाई उभी होती, हात वर करून, हातात मोबाईल. जवळ गेले तर यमू. केस पांढरे झालेले, खांद्याला पिशवी. ती आता टोल्याची आशा सेविका आहे, गरोदर बायांच्या नोंदी मोबाईलवर भरते, आणि केबल तुटली की रेंज शोधत या पारीवर येऊन उभी राहते. तिचं लग्न त्याच टोल्यात झालं. पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज का केला नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

"काय वं," ती म्हणाली, "तू इकडं? नेटवाली बाई पायी चालून राहिली?"

"दुसरी केबल येते आता. पारीवरून."

"आता येवून राहिली म्हणते!" ती हसली. "चाल, चहा पी."

तिच्या अंगणात सीताफळ होतं. माहेरच्या झाडाच्या बीचं, तिने स्वतः लावलेलं. चहा झाला. कप खाली ठेवला आणि मी सांगून टाकलं. दोघांना एका सायकलवर मीच पाठवलं होतं, आईची चूक नव्हती.

"माहीत हाये मले," यमू म्हणाली. "बिसननं त्याच दिवशी सांगतलं. तुह्या मायनं आपल्या अंगावर घेतलं, मंग मी कायले बोलू?"

मला वाटलं संपलं. तिथे थांबता आलं असतं. ती हसतच होती, कप उचलून आत निघाली होती. मी म्हणाले, "थांब. अजून हाये." आणि संध्याकाळचं सांगितलं. पान आलं नाही म्हणून आई तिसरा माणूस पाठवत होती. गिरणीवालीचा दीर समोरून जात होता. मी खोटं बोलून त्याला जाऊ दिलं.

यमूने कप परत खाली ठेवले. शेजारी कोणीतरी धान पाखडत होतं, सुपाचा आवाज येत होता.

"हे माहीत नोतं मले," ती म्हणाली. आणि मग, "तो आला असता तं मी गेली असती."

"हो."

"मी आज नर्स रायली असती."

"हो."

"अन तू आता सांगून राहिली. तुही माय गेल्यावर. माहे केस पिकल्यावर." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "इतकी वर्षं मी काय म्हणत होती माहीत हाये? म्हणत होती, नशीब. मंडई आडवी आली, माह्या नशिबात नोतं. नशिबाले शिव्या देल्या मी, अन तू भेटली का तुले चहा देत होती."

माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच थांबवलं. मी उठले, चप्पल घातली. अंगणाच्या टोकाशी पोचले तेव्हा तिने हाक मारली. ती झाडाखाली उभी होती. तिने एक पान तोडलं, देठासकट, आणि माझ्या हातात ठेवलं.

"माफी नाई हे," ती म्हणाली. "पोच हाये."

मी पान चुरगाळलं नाही, तसंच मुठीत धरलं. टोल्याबाहेर आल्यावर रस्ता दोन्हीकडे फुटतो. नहराचा रस्ता जवळचा होता, रुंद होता आणि तिकडून सुपरवायझरची गाडीही येत होती. मी पारीनं परत आले आणि पान तारेत ओवलं.